एकोणीस खोकी : जुनं हार्डवेअर वाटण्याच्या नोंदी

२ मार्च

खोकी मोजली. एकोणीस भरली, माझा अंदाज बाराचा होता. शिवाय भिंतीला टेकवलेले दोन सीआरटी मॉनिटर, तीन उघडे केस आणि टेबलाखाली सरकवलेला एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. यातली प्रत्येक वस्तू आणली तेव्हा तिच्यामागे कारण होतं. बहुतेक वेळा एकच: ४८६, म्हणजे १९९० च्या सुमाराचा पीसी, पूर्ण जुळवायचा आहे. तो केव्हाच जुळला, चालतोही, आणि तो माझ्याकडेच राहणार. बाकीचं सगळं असून अडचण, नसून खोळंबा.

ठरलं ते असं. चालतं ते छंदवाल्यांना विकायचं. दुरुस्त होण्यासारखं आहे ते शिकणाऱ्यांना फुकट. ज्याचं काहीच होणार नाही ते ई-कचरा रीतसर घेणाऱ्यांकडे. सरसकट भंगारात काही जाणार नाही. मुदत दोन महिने. लिहून ठेवतेय, कारण न लिहिलेली मुदत मी पाळत नाही.

३ मार्च

दिवसभर वर्गवारी. आयसा कार्डं एका खोक्यात, पीसीआय दुसऱ्यात, एजीपी तिसऱ्यात (कार्ड बोर्डावरच्या ज्या खाचेत बसतं तिची ही नावं). रॅमच्या पट्ट्या ३० पिनी, ७२ पिनी, १६८ पिनी अशा वेगळ्या. सगळ्या केबली एकत्र. सगळ्या फ्लॉपी एकत्र. कागद, पुस्तिका एकत्र. संध्याकाळी खोली अशी नीटनेटकी दिसत होती की फोटो काढला.

(१४ एप्रिलची भर: सगळी गडबड इथेच झाली. खाली येईलच.)

९ मार्च

आज फक्त बॅटऱ्या. हे काम आधी उरकायला हवं होतं, कारण बाकीचं हार्डवेअर थांबतं, बॅटरी थांबत नाही.

३८६ चे, म्हणजे ४८६ च्या आधीच्या पिढीचे, तीन मदरबोर्ड. तिन्हींवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी, ३.६ व्होल्टची. या बॅटरीच्या पोटात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. वय झालं की ते पाझरतं आणि तांब्याच्या रेषा खात बोर्डभर पसरतं. वर हिरवट-निळी पूड दिसते ती शेवटची पायरी. त्याआधी वरच्या लाखेखाली रेषा काळ्या पडत जातात आणि दिसायला बोर्ड ठीक असतो. पहिल्या दोघांवर थोडक्यात निभावलं होतं. बॅटऱ्या कापून काढल्या, डागावर व्हिनेगर (अल्कलीला आम्ल, एवढंच), मग डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. तिसऱ्यावर की-बोर्डच्या सॉकेटजवळच्या चार रेषा गायब. सूक्ष्म तारेने डाग देऊन जोडल्या. भिंगाखाली दीड तास.

नंतरच्या बोर्डांवर सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी, ती नाणं उचलावं तशी निघते. सगळ्या काढून ठेवल्या. घेणारा स्वतःची घालेल. एका ४८६ बोर्डावर मात्र डॅलसची डीएस१२८८७ आहे, जिच्यात घड्याळ आणि लिथियम बॅटरी एकाच काळ्या ठोकळ्यात ओतून बंद केलेली असतात. वीज नसताना दहा वर्षांहून जास्त चालावी अशी तिची रचना. ती दहा वर्षं कधीच सरली. चिप सॉकेटमध्ये आहे, त्यामुळे नवी बसवता येईल, किंवा ठोकळा घासून आतली बॅटरी तोडून बाहेरून नाणं जोडता येईल. मी दोन्ही करणार नाही. लेबलावर "घड्याळाची चिप संपलेली, तारीख आणि सेटिंग लक्षात ठेवत नाही" असं लिहिलं. अशी दुरुस्ती आवडीने करणारे लोक आहेत. त्यांचा आनंद हिरावून का घ्या.

लॅपटॉपच्या चार बॅटऱ्या, त्यातल्या दोन फुगलेल्या. त्या कुणालाही द्यायच्या नाहीत, फुकटसुद्धा नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. वाळूच्या डब्यात ठेवल्या, सोमवारी संकलन केंद्रावर.

१० मार्च

तिसरा ३८६: चित्र येतं, की-बोर्ड नाही. बहुधा की-बोर्ड कंट्रोलरच गेला. दुरुस्तीच्या गठ्ठ्यात.

१६ मार्च

तपासणीचं टेबल मांडलं. एक सॉकेट ७ चा (पेन्टियम बसणारा) बोर्ड, पेन्टियम १३३ प्रोसेसर, दोन ७२ पिनी पट्ट्या, एक खात्रीचं पीसीआय व्हीजीए (चित्र दाखवणारं) कार्ड. तपासायचं ते सोडून बाकी सगळं खात्रीचं, ही एकच शिस्त. गेल्या वेळी मी संशयित बोर्डावर संशयित रॅम लावून संशयित कार्ड तपासत बसले होते, आणि संध्याकाळी तिघांनाही निर्दोष सोडावं लागलं होतं.

एटी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, पॉवर सप्लायचे पी८ आणि पी९ हे दोन जोड लावताना काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना लागून. शेकडो वेळा लावले असतील, तरी प्रत्येक वेळी थांबून बघते. उलटे लावले तर बोर्डाला दुसरी संधी मिळत नाही.

अठ्ठावीस कार्डं पाहिली. दोन आयसा साऊंड कार्डं गप्प होती. मग लक्षात आलं की त्या केसला नवा सप्लाय लावलाय आणि नव्या सप्लायमध्ये उणे ५ व्होल्टची वायरच नसते. काही जुन्या आयसा कार्डांना ती लागते. जुना एटी सप्लाय लावल्यावर दोन्ही वाजली. म्हणजे "बंद" असं लेबल लावून मी दोन चांगली कार्डं मारणार होते.

त्यावरून लेबलांच्या भाषेकडे वळले, आणि दुपार त्यातच गेली. "चालतं" म्हणजे काय? कार्ड ओळखलं जातं, की आवाज येतो, की तासभर खेळ चालवून पाहिला? "तपासलेलं नाही" ही तर या छंदातली सगळ्यांत मोठी थाप. निम्म्या वेळा तिचा अर्थ असतो: तपासलं, चाललं नाही, पण तसं लिहिलं तर कोण घेईल. मी काय केलं आणि काय दिसलं तेवढंच लिहायचं ठरवलं. "साऊंड ब्लास्टर १६. पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ आणि ५. डॉसमध्ये डिजिटल आवाज आणि एफएम संगीत दोन्ही ऐकलं. गेमपोर्ट तपासला नाही, जॉयस्टिक नाही." (आकडे कार्डाच्या सेटिंगचे; एफएम म्हणजे रेडिओ नव्हे, चिपने घडवलेले सूर.) एवढं वाचून ज्याला घ्यायचं तो घेतो आणि नंतर भांडत नाही.

रॅमला मेमटेस्ट या तपासणीच्या प्रोग्रामच्या दोन पूर्ण फेऱ्या. ७२ पिनीतल्या एका पट्टीत दोष. तिच्यावर लाल फुली मारली आणि लगेच मोडली, नाहीतर ती फिरून कुणाच्या तरी जोडीत शिरणार.

२३ मार्च

हार्ड डिस्क. अकरा आहेत, ५४० एमबीपासून ८० जीबीपर्यंत. त्यातल्या चार मला इतरांकडून आलेल्या आणि त्यांनी पुसलेल्या नाहीत. आत काय आहे ते बघितलं नाही. बघायचा मोह झाला, हे मात्र खरं.

पुसण्याबद्दल अजून लोक ३५ वेळा वर लिहायची गोष्ट सांगतात. ती पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातून आली. त्यातले ३५ नमुने तेव्हाच्या निरनिराळ्या डिस्कांच्या निरनिराळ्या लेखनपद्धतींसाठी मिळून होते. एकाच डिस्कवर सगळे चालवण्यात अर्थ नाही, असं खुद्द गुटमन यांनी पुढे लिहिलं. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिकासुद्धा चुंबकीय डिस्कसाठी सर्वसाधारणपणे एकदा संपूर्ण वर लिहिणं पुरेसं मानते. मी एनवाइप या प्रोग्रामने एकदा शून्यं लिहिते आणि मग वाचून पडताळते. पडताळणीत पोच मिळते, म्हणून ती चुकवत नाही.

दोन एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारे ड्राइव्ह) आहेत, त्यांना ही रीत लागू नाही. त्यांच्यात राखीव जागा असते आणि बाहेरून लिहिलेलं तिथे पोचेलच असं नाही. त्यांना एटीए सिक्युअर इरेजची आज्ञा दिली, ड्राइव्हनेच स्वतःला पुसलं.

२४ मार्च

नऊ झाल्या. एक फिरतच नाही, एकीवर खराब सेक्टर इतके की पडताळणी पुरी होत नाही. दोन्ही उघडून तबकड्यांना भोकं पाडली. चुंबकं काढून ठेवली. चुंबकं कधीच कुणी टाकत नाही, मीही नाही.

३० मार्च

यादी ओळखीच्या छंदवाल्यांकडे पाठवली. एकशे चार वस्तू.

किंमत ठरवण्यात आठवडा गेला. लोक मागतात ती किंमत आणि खरंच हातात पडते ती किंमत यांत बरंच अंतर असतं, म्हणून मागितलेल्या आकड्यांकडे बघणं सोडलं आणि कोणत्या वस्तू खरोखर विकल्या गेल्या तेवढंच पाहिलं. पण माझा खरा प्रश्न वेगळा होता: फुकट काय आणि विकत काय. अनुभव असा की फुकट म्हटलं की हात वर होतात तीस, न्यायला येतात चार. नाममात्र किंमत लावली की हात होतात सहा आणि येतात सहा. ती किंमत मला पैशासाठी नको, चाळणीसाठी हवी.

शिकणाऱ्यांना फुकटच, पण एका प्रश्नाच्या बदल्यात: "याचं काय करणार?" उत्तर सुबक असायची गरज नाही. "माहीत नाही, उघडून बघायचंय" हे आत्तापर्यंतचं सर्वोत्तम उत्तर आहे आणि त्याला न चालणारा ३८६ मिळाला.

१ एप्रिल

एकाने विचारलं, सिरॅमिक प्रोसेसर सगळे घेतो, चालू-बंद कसेही, वजनावर. म्हणजे सोन्यासाठी. माझ्याकडे एक पेन्टियम प्रो आहे, १९९५ मध्ये आलेला, ३८७ पिनांचा. सोनं काढणाऱ्यांचा तो लाडका. माणूस सरळ होता, लपवलं काहीच नाही. नाही म्हटलं. चालणारा प्रोसेसर आम्लात बुडवायला देणं मला जमणार नाही, आणि बंद पडलेले द्यायचे तर ते काम घरच्या घरी नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक घेऊन करणाऱ्याकडे नकोत. पेन्टियम प्रो दुसऱ्या दिवशी एकाने नेला, ज्याच्याकडे दोन सॉकेटचा बोर्ड गेली कित्येक वर्षं एकाच प्रोसेसरवर चालत होता.

६ एप्रिल

पहिला मोठा दिवस. सात जण आले.

एकाला ३० पिनी रॅमच्या आठांपैकी तीनच पट्ट्या हव्या होत्या, "सुट्या म्हणून". दिल्या नाहीत. ३० पिनी पट्टी एका वेळी ८ बिट देते आणि ३८६डीएक्स किंवा ४८६ ला लागतात ३२, म्हणजे चारांचा संच. तीन नेल्या की उरलेल्या पाचांतून एकच संच बनतो आणि चार पट्ट्या दोन घरांत निकामी पडून राहतात. त्याला चारचा संच दिला, नाममात्र किमतीत. समजुतदार होता, जाताना म्हणाला, "ताई, मी तर तुमचं ओझं हलकं करत होतो."

दोन्ही सीआरटी हातोहात गेले. ते पाठवायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं: काच जड, वजन सगळं पुढच्या बाजूला, मागची मान नाजूक. कितीही गुंडाळा, वाटेत आपटला की तिथेच मोडतो.

एका निवृत्त गृहस्थांनी दुप्पट वेगाचा जुना सीडी-रॉम ड्राइव्ह नेला. त्यांना १९९३ च्या सुमाराचं मशीन त्या काळासारखंच जुळवायचंय. लेबलावर मी लिहिलं होतं: "४० पिनी, आयडीई. वीज दिल्यावर कप्पा उघडतो, बाकी तपासलेलं नाही." (आयडीई म्हणजे डिस्क आणि ड्राइव्ह जोडायची तेव्हाची सर्रास पद्धत.)

"ओळख न पटलेली" पाच आयसा कार्डं एका विद्यार्थिनीला दिली, फुकट.

७ एप्रिल

बाहेर पाठवायची नऊ पुडकी. चंदेरी पिशव्या बोर्ड आणि कार्डांना. गुलाबी पिशवी स्वतः विद्युतभार धरत नाही, पण बाहेरचा अडवतही नाही, म्हणून ती फक्त केबलींना. बुडबुड्यांचं प्लास्टिक थेट बोर्डाला कधीच नाही. प्रोसेसरच्या पिना काळ्या, स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या फोममध्ये खुपसल्या, जड हीटसिंक काढून वेगळे बांधले. खोक्यात खोकं, मध्ये चार बोटं जागा. हात दुखले.

१४ एप्रिल

निवृत्त गृहस्थांचा निरोप: ड्राइव्ह दिसत नाही. मास्टर करून पाहिला, स्लेव्ह करून पाहिला (म्हणजे एका केबलीवरचा पहिला, मग दुसरा), केबल बदलली, दुसऱ्या मशीनला लावला. तक्रार अशी नाही, उलट "माझंच काही चुकत असेल" असं लिहिलेलं. त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

ड्राइव्हच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला. मास्टर-स्लेव्हचे जम्पर (सेटिंग ठरवणाऱ्या छोट्या टोप्या) नाहीतच. ० ते ३ असे आकडे आहेत. तेव्हा ट्यूब पेटली. सीडी ड्राइव्ह आयडीईवर सर्रास येण्याआधी प्रत्येक बनवणाऱ्याचा आपापला इंटरफेस होता. पॅनासॉनिकचा ४० पिनी, मित्सुमीचा ४० पिनी, सोनीचा ३४ पिनी. म्हणून तर त्या काळच्या काही साऊंड कार्डांवर सीडीसाठी तीन-तीन जोड ओळीने दिसतात. पॅनासॉनिकचा जोड दिसायला हुबेहूब आयडीई, केबल चपखल बसते, आणि संभाषण शून्य. मी पिना मोजल्या आणि आयडीई लिहून मोकळी झाले. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, हा माझाच नियम १६ मार्चचा.

केबलींचं खोकं उपसलं. तळाशी एक करडी पट्टी केबल, तिला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, माझ्याच अक्षरात: "सीडीची. छोट्या कार्डाला."

म्हणजे कधीतरी मला हे माहीत होतं. मशीन उघडलं तेव्हा ड्राइव्ह, केबल आणि कार्ड मी एकत्रच काढलं असणार. ३ मार्चला तिघांना तीन खोक्यांत टाकलं. आणि छोटं कार्ड म्हणजे त्या पाचांतलं एक, ज्याला मी "ओळख न पटलेलं" म्हणून देऊन टाकलं. ओळख होती, मीच पुसली.

१५ एप्रिल

विद्यार्थिनीला लिहिलं. दिलेली वस्तू परत मागायची लाज वाटली म्हणून मागितली नाही, फक्त विचारलं: ४० पिनी जोड असलेलं आखूड, ८ बिटी कार्ड आहे का त्यात?

उत्तर रात्रीच आलं. "आहे ताई. त्याच्या एका चिपचे पाय सोडवून बघणार होते, सोल्डरिंगचा सराव म्हणून. अजून हात लावला नाही."

२० आणि २१ एप्रिल

उरलेली अकरा खोकी पुन्हा जमिनीवर. या वेळी प्रकारानुसार नाही, कुणाबरोबर कोण आलं यानुसार. जुने फोटो, चिठ्ठ्या, धुळीचे ठसे, अगदी कार्डाच्या पट्टीवरचा स्क्रूचा ओरखडा, जे मिळेल त्याचा आधार घेतला. दोन दिवस लागले. जमलेल्या जोड्या:

३डीएफएक्स वूडू, १९९६ चं, ४ एमबी. हे कार्ड फक्त त्रिमिती चित्र काढतं. साध्या चित्रासाठी दुसरं व्हीजीए कार्ड लागतं आणि त्याचा सिग्नल एका आखूड केबलीने वूडूतून पुढे जातो. ती केबल मॉनिटरच्या केबलींत होती. केबलीशिवाय यादीत होतं, आता केबलीसकट आहे. ज्याने सांगून ठेवलं होतं त्याला कळवलं; त्याने स्वतःची केबल बनवायला घेतली होती.

मॉडेल एम की-बोर्ड. केबल सुटी होते, की-बोर्डाच्या बाजूचा जोड जुन्या पद्धतीचा, सहज मिळत नाही. ती केबल "नेटवर्क?" अशा चिठ्ठीखाली, कारण जोड लांबून तसाच दिसतो. दोन किलोंच्या वर वजनाचा की-बोर्ड केबलीवाचून नुसती वीट झाला असता.

ड्रायव्हरच्या एकवीस फ्लॉपी. आधी सगळ्यांतल्या मजकुराच्या पूर्ण नकला काढून ठेवल्या. तीन वाचता आल्या नाहीत. मग प्रत्येक फ्लॉपी आपापल्या कार्डाच्या पिशवीत. जम्परांचे तक्ते असलेल्या पुस्तिकाही तशाच. एका बोर्डावर जम्परांशेजारी काहीच छापलेलं नाही. त्याची चार पानी पुस्तिका बोर्डाइतकीच मोलाची आहे, आणि ती मी कागदांच्या खोक्यात रद्दीला लावली होती.

नवं लेबल: एका पिशवीला एकच, आत काय काय आहे ते मोजून. "संच फोडायचा नाही" हे खाली ठळक.

तीन गोष्टींचं कूळ लागलंच नाही. त्यांच्यावर "कशाबरोबर होतं ते कळत नाही" असं लिहिलं. "ओळख न पटलेलं" यापेक्षा हे खरं आहे.

२७ एप्रिल

विद्यार्थिनी कार्ड घेऊन आली. बदल्यात काही नको म्हणाली. मी सोल्डरिंगच्या सरावासाठी फुगलेल्या कपॅसिटरांचा एक बोर्ड दिला, २००० नंतरच्या काही वर्षांतला. त्या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर ढिगाने निघाले होते, वरची फुली उघडून आतून तपकिरी पापुद्रा बाहेर. आठ कपॅसिटर काढायचे, दिशा बघून नवे बसवायचे. चिपचे पाय सोडवण्यापेक्षा हे बरं, आणि शेवटी हातात चालणारं काही राहतं. तिने आधी ऋण बाजूच्या खुणांचा फोटो काढून घेतला. मला सांगावं लागलं नाही.

कार्ड, केबल आणि चिठ्ठी एका पुडक्यात. चिठ्ठी पाठवावी की नाही याचा थोडा विचार केला. ती त्या संचाचीच आहे, म्हणून पाठवली.

४ मे

मुदतीला दोन दिवस उशीर. एकशे चारांपैकी सत्याऐंशी गेल्या, नऊ ई-कचऱ्यात, आठ अजून इथे. प्रिंटर कुणालाच नको, रिबनसुद्धा नको.

गृहस्थांचा फोन आला. पहिल्या दिवशी तरीही ड्राइव्ह दिसला नव्हता. जम्पर ३ वर होता आणि ड्रायव्हर ० वर शोधत होता, ते त्यांनीच शोधून काढलं. मग त्यांनी फोन मशीनजवळ नेला. कप्पा आत जाण्याचा आवाज, थोडा वेळ काही नाही, आणि मग तबकडी फिरायला लागली.

"ऐकू आलं का?" त्यांनी विचारलं.

आलं म्हटलं. मग ते म्हणाले की चिठ्ठीचा दोरा तुटला होता, नवा बांधलाय.